भूलवाल्याचं दुसरं शिक्षण

हरेश घरतच्या पायाला भिंगरी होती, आणि ती पन्नाशी आली तरी थांबली नव्हती. चोवीस वर्षं तो पनवेलमध्ये भूल देत फिरला, पण अमुक एका इस्पितळाचा असा कधी झाला नाही. सकाळी उरण नाक्याजवळ सिझेरियन, अकराला कळंबोलीत कुणा ट्रकवाल्याचं मोडलेलं मांडीचं हाड, दुपारी नवीन पनवेलला अपेंडिक्स, आणि मध्येच कोनहून फोन, की हायवेवरचा अपघात आलाय, असाल तसे या. गाडीच्या डिकीत काळी बॅग, शेजारच्या सीटवर डबा. डबा बहुतेक वेळा सिग्नलला उघडला जाई, म्हणून त्याची बायको विनिता डब्यात रस्सा कधी देत नसे. लोकांच्या लेखी ऑपरेशन करणारा तो डॉक्टर. हा नुसता ‘भूलवाला’. बरा झालेला पेशंट पेढे सर्जनच्या टेबलावर ठेवून घरी जायचा आणि त्या वेळी हरेश तिसऱ्याच इस्पितळाचा जिना चढत असायचा.

पेढ्यांचं त्याला काही नव्हतं. त्याचं दुखणं निराळं होतं.

भूल चढायच्या आधी एखादं मिनिट असतं. डोळ्यांवर दिवा, हाताला सुई, आणि उशाशी एकच माणूस, तोही उलटा दिसणारा. त्या मिनिटात माणसं बोलतात. बायकोला, भावाला कधी सांगितलं नसेल ते भूलवाल्याला सांगायला लागतात, आणि वाक्य अर्ध्यावर आलं की झोपतात. ‘डॉक्टर, ती जमीन माझी नव्हतीच, मी भावाला...’ झोपला. ‘माझ्या पोरीला एवढं सांगा, की तिचा बाप...’ झोपली. एक ट्रकवाला तर रडत म्हणाला, ‘त्या दिवशी ब्रेक लागत होता, साहेब, मीच...’ आणि गेला झोपेत. दुसऱ्या दिवशी हरेश मुद्दाम त्याच्या खाटेपाशी गेला, तर हा आपला आरामात केळं सोलत बसलेला. ‘मी? मी कुठं काय बोललो?’

दुसरा कुणी असता तर विसरून गेला असता. हरेशला ही अर्धी वाक्यं चावायची. एकदा तो विनिताला म्हणाला, ‘मी लोकांची तोंडं बंद करायचं काम करतो गं.’ ती म्हणाली, ‘तू दमलायस. चार दिवस सुट्टी घे.’ सुट्टी घेऊन दोघं तारकर्लीला गेली आणि हरेशच्या चुळबुळीला कंटाळून दुसऱ्या दिवशी परत आली.

त्याच्याकडे भूलशास्त्राची पदविका होती, पदव्युत्तर पदवी नव्हती. त्यामुळे नव्याने परीक्षा देऊन दुसऱ्या विषयाला बसायची वाट अजून मोकळी होती. एक्कावन्नाव्या वर्षी त्याने अर्ज भरला. गंमत अशी, की त्याच वर्षी त्याची डॉक्टर झालेली मुलगी कोमलही त्याच परीक्षेला बसत होती. सात महिने बापलेक एकाच जेवणाच्या टेबलावर घोकत बसले. ‘बाबा, हे तुमच्या वेळी असं होतं, आता सगळं बदललंय,’ असं ती दिवसातून दहा वेळा सांगायची आणि त्याचा चेहरा पडायचा. परीक्षेच्या दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने हात आडवा केला, ‘पालकांनी बाहेर थांबायचं.’ हरेशने प्रवेशपत्र पुढे केलं. रखवालदाराने फोटो बघितला, मग चेहरा बघितला, मग कोमलकडे बघितलं. ‘दोघंपण?’ रांगेतली पोरं हसली. कोमल हसली नाही. आत चालत नाही म्हणून तिने बापाच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि बाहेर उभ्या असलेल्या आईच्या हातात दिलं.

कोमलला नागपूरला एक्स-रेचा विभाग मिळाला. हरेशला पनवेलच्या जवळच एका शिकवणाऱ्या रुग्णालयात मानसोपचार मिळाला. ज्याच्यासाठी त्याने सगळ्यात जास्त भुली दिल्या होत्या तो सर्जन मित्र अवधूत बातमी ऐकून म्हणाला, ‘वेड्या, आधी तुलाच कुणाला तरी दाखवायला हवं.’

पहिले आठ महिने हरेशलाही तसंच वाटलं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणजे विभागातला सगळ्यात खालचा माणूस, मग त्याचे केस काळे असोत की पांढरे. त्याच्या वर डॉक्टर रुचिरा होती, वय वर्षं तीस. ती त्याला ‘सर’ म्हणायची आणि फायली आणायला पाठवायची. तो तिला ‘मॅडम’ म्हणायचा आणि फायली आणायचा. पेशंटचे नातेवाईक रुचिराला ओलांडून हरेशपुढे हात जोडायचे, ‘मोठे डॉक्टर, तुम्हीच बघा.’ मग दोघांचीही पंचाईत व्हायची.

पण खरी गोची ती नव्हती. भूल तीस सेकंदांत चढते. इथे गोळीचा गुण यायला तीन आठवडे लागत. माणूस तासभर बोलून उठायचा आणि दारात वळून म्हणायचा, ‘काही फरक नाही हो.’ हरेशचे हात शिवशिवायचे. नळी नाही, सुई नाही, पडद्यावर हिरवी रेघ नाही, नुसतं बसायचं. आणि जन्माची सवय अशी, की समोरचा माणूस रडायला लागला की याचा हात आपोआप त्याच्या नाडीवर जाई आणि तोंडातून येई, ‘शांत व्हा. दीर्घ श्वास घ्या.’ त्याचा आवाजच असा होता, की माणसं खरोखर शांत व्हायची. ज्या अर्ध्या वाक्यांसाठी तो इथे आला होता, ती इथेही अर्धीच राहत होती. रुचिराने दोनदा हळूच सांगितलं होतं, ‘सर, रडू द्या ना त्यांना.’ हरेशला ते पटायचं, पण दुसऱ्या दिवशी हात पुन्हा नाडीवर जायचा.

अवधूतचा फोन दर आठवड्याला येत होता. त्या शुक्रवारी सकाळीही आला. ‘सोमवारी सातला तीन केसेस आहेत. ये परत. पुरे झाली शाळा.’ हरेश म्हणाला, ‘रविवारी सांगतो.’ मनातून त्याचं जाण्याचं नक्की झालं होतं.

आणि त्याच शुक्रवारी उरणजवळच्या करंजाची कृष्णाबाई आली.

साठीची कोळीण, हाडापेरानं दणकट. तिची सून स्नेहल तिला घेऊन आली होती. स्नेहलने सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी सासरे बोटीवरच वारले, तेव्हापासून सासूबाई नीट जेवत नाहीत, पहाटे उठून येरझाऱ्या घालतात. ‘पन आता आठ दिस झाले, बऱ्या हायेत. एकदम गप. मीच बोलली, तरी पन दाखवून येव.’ रुचिरा पलीकडे एका आरडाओरडा करणाऱ्या पोराशी झुंजत होती, म्हणून हरेशने कृष्णाबाईला एकट्यानेच बघितलं.

‘बसा, कृष्णाबाई,’ तो म्हणाला, तशी तिने मान वर केली. ‘तुजा आवाज मी ओलकते. पिशवीचा आपरेशन झाला तवा तू माज्या डोक्याशी व्हतास. मना मोजाला लावलावतास.’

हरेशला आठवलं. उलटं मोजा म्हटल्यावर ‘मी कनाला उलटा मोजू?’ म्हणून त्याच्याशी भांडलेली, आणि मग पापलेटं मोजावीत तशी एकाच्या जागी ‘लाभ’ म्हणून ‘दोन, तीन’वर झोपलेली बाई. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच कुणा पेशंटने त्याला ओळखलं होतं. त्याला इतकं बरं वाटलं, की तो पुढची दोन मिनिटं जरा हवेतच होता.

मग ती सांगू लागली. ‘माजा घरवाला गेला ना, काशिराम, त्या सकाली मी...’ आणि तिचे ओठ थरथरायला लागले. छाती वरखाली व्हायला लागली. हरेशचा हात तिच्या मनगटावर गेला. ‘शांत व्हा, कृष्णाबाई. दीर्घ श्वास घ्या.’

ती शांत झाली. डोळे पुसले. पुढे त्याने जे विचारलं त्याला तिने नीट उत्तरं दिली. धंदा? सोडला. उरण नाक्यावरची बाजारातली जागा सुनेला दिली, पाटी दिली, कोयता दिला. आता काही इच्छा? काही नाही, सगळं आटोपलं. हरेशने कागदावर लिहिलं : शांत आहे, सुधारणा आहे, पंधरा दिवसांनी.

तेवढ्यात रुचिरा घाम पुसत आली. कागद बघून म्हणाली, ‘सर, मरणाचे विचार येतात का, ते विचारलंत ना?’

हरेशने विचारलं नव्हतं. विसरला होता. पण समोर कृष्णाबाई, जिने नुकतंच त्याला ओळखलेलं, आणि पुढ्यात आपल्या पोरीपेक्षा चार वर्षांनी मोठी असलेली मॅडम. त्याने मान हलवली, होकारार्थी. रुचिराने सही केली.

रविवारी तो गव्हाणला आईकडे गेला. चंद्रावतीबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण बोंबलाचं कालवण अजून दुसऱ्या कुणाला करू देत नसत. हरेशला आज अवधूतला होकार कळवायचा होता आणि त्याआधी आईला सांगायचं होतं. पण ते जिभेवर येईना, म्हणून त्याने भलतंच काढलं. नाव न सांगता म्हणाला, ‘परवा एक कोळीण आली होती गं. आवाजावरून मला ओळखलंन. दोन वर्षं तडफडत होती म्हणे, पण आता एकदम शांत. पाटी, कोयता सगळं सुनेला देऊन मोकळी झाली.’

चंद्रावतीबाईंचा घास हातात राहिला. ‘कोयता दिला?’

‘हो. आराम करणार आता.’

‘आरं, आराम कसला?’ म्हातारी एकदम तापली. ‘कोलनीचा कोयता तू बगलास कंदी? जिती हाय तवर ती त्याला सुनंला हात लावू देत नाय. माजी मैतरीन जनी, आंदली झाली तरी कोयता उशाशी घेऊन निजायची. आनि ही धडधाकट बाय कोयता देते नि गप बसते? डॉक्टर हायस ना तू? ती जायाला निगालीय, येड्या!’

हरेशच्या हातातलं ताट कलंडलं. लहानपणी उरणच्या बाजारात आईचा पदर धरून शंभर वेळा उभा राहिला होता तो. कोयत्याला हात लावला म्हणून कोळणीने घातलेली शिवी त्याला अजून आठवत होती. हे त्याला माहीत होतं. त्या रुग्णालयातल्या सगळ्या डॉक्टरांत हे ठाऊक असायला हवं असा तोच एकटा होता. आणि त्याने लिहिलं काय, तर सुधारणा आहे.

हात न धुताच त्याने रुचिराला फोन लावला. ‘मॅडम, शुक्रवारची करंजाची बाई. मी विचारलं नव्हतं. खोटं बोललो तुमच्याशी.’

रुचिरा म्हणाली, ‘त्याचं नंतर बघू. नंबर काढून पाठवते. तिला एकटीला ठेवू नका आणि सरळ अपघात विभागात घेऊन या. मी तिथेच आहे.’ तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर हरेशला जरा सोपं गेलं असतं.

स्नेहलचा फोन लागला तेव्हा मागे बाजाराचा कल्ला होता. रविवार म्हणजे मासळीचा मोठा दिवस. ती उरण नाक्यावर सासूच्या जागेवर बसली होती, सासूच्याच कोयत्याने हलवा कापत. नवरा शैलेश बोटीवर. सासूबाई घरी, एकट्या. हरेश म्हणाला, ‘शेजारणीला पाठव. आत्ता. तिच्याजवळ बसून राहा म्हणावं.’

गाडीकडे वळतो तर चंद्रावतीबाई आधीच पुढच्या सीटवर. ‘मी येतंय. तुला करंजाला कोन ओलकतंय?’ वाद घालायला वेळ नव्हता. निघता निघता हरेशने तिला कृष्णाबाईचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं.

उरणच्या रस्त्याला कंटेनरची रांग लागली होती, रविवार असूनही. हरेश दोन गाड्यांमधली फट शोधत होता, हॉर्न वाजवत होता, स्टिअरिंगवर मूठ आपटत होता. ऑपरेशनच्या टेबलावर माणूस बुडायला लागला तर काय करायचं ते त्याचे हात न विचारता करत. इथे हात नुसते चाकाला धरून होते. पुढच्या फाट्यावर स्नेहलचा फोन आला. ती रडत होती. ‘शेजारची मावशी बोलते, घराला कुलूप हाय. सकाली नवा लुगडा नेसून बंदरावर गेल्या बोलते.’

चंद्रावतीबाईंनी मुलाच्या मांडीवर हात ठेवला. तेवढ्यात फोनवर अवधूतचं नाव चमकायला लागलं. हरेशने फोन पालथा टाकला.

करंजाच्या बंदरावर वाळत घातलेल्या मासळीचे पट्टे पसरलेले होते. चंद्रावतीबाईंनी खाली उतरून पहिल्या दिसलेल्या बाईला गाठलं, ‘काशिरामाची किष्नाबाय कंय हाय गो?’ तिने हातातल्या बोंबलासकट धक्क्याच्या टोकाकडे बोट केलं. ‘सकालधरून तथं बसलीय. हाका मारल्या, ओ पन देत नाय.’

बोटी समुद्रात गेलेल्या होत्या, धक्का रिकामा होता. टोकाला हिरव्या लुगड्यातली एक पाठ दिसत होती. हरेश धावला, आणि वीसेक पावलांवर आल्यावर थांबला. मग सावकाश चालत जाऊन तिच्या शेजारी बसला. मागून धापा टाकत चंद्रावतीबाई आल्या आणि तिच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. त्यांनी तिच्या लुगड्याचं टोक आपल्या मांडीखाली घेतलं.

हरेशने तिचं मनगट धरलं. नाडी होती, जोरात. जुनी सवय जिभेवर आलीच, ‘शां...’ आणि त्याने ओठ दाताखाली धरला. मग त्याने मनगट सोडलं.

‘परवा तू बोलत व्हतीस,’ तो म्हणाला. ‘त्या सकाली मी, असा बोललीस नि मी तुला गप केला. चुकला माजा. काय केलास तू त्या सकाली?’

चोवीस वर्षांत पेशंटपुढे त्याच्या तोंडून गव्हाणची बोली कधी निघाली नव्हती. कृष्णाबाईने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. भरतीचं पाणी खाली धक्क्याला लागत होतं.

‘त्याच्या छातीत कला येत व्हत्या,’ ती म्हणाली. ‘मना बोलला, आज जात नाय. मी बोलली, नाटका करू नको. बरफ भरलाय, डिजेल भरलाय, खलाशी उबे हायेत, जा. हातात सुपारी दिली नि दरवाजा लावून घेतला. मीच लावला. दुसऱ्या दिशी उतरवला त्याला, तर ती सुपारी तशीच खिशात.’

ती रडायला लागली. साधं रडणं नव्हतं ते. वाळवणावरच्या बायका हातातलं काम टाकून बघायला लागल्या. हरेशचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते. तो काही म्हणाला नाही. आयुष्यात इतकं अवघड काम त्याने केलं नव्हतं.

‘शैलेशला ठाव नाय,’ ती मध्येच म्हणाली. ‘त्याला वाटतंय बापूस हट्टानं गेला.’

मग पुष्कळ वेळाने हरेशने विचारलं, जे शुक्रवारी विचारायचं होतं ते. सरळ शब्दांत विचारलं. तिनेही सरळ उत्तर दिलं, होय. आजच. भरती पुरी होईतोवर बसणार होती. चंद्रावतीबाईंनी ते टोक मांडीखाली आणखी घट्ट दाबलं.

‘चल, बाय,’ त्या म्हणाल्या. ‘तथं एक पोर डॉक्टरीन वाट बगतेय. हिकडं बसून भूक लागली मना.’

कशामुळे कोण जाणे, त्या भुकेच्या नावाने कृष्णाबाई उठली.

गाडीत दोघी म्हाताऱ्या मागे बसल्या. रुचिराला निरोप गेला, स्नेहलला गेला. मग हरेशने फोन उचलून अवधूतला तीन शब्द पाठवले, ‘सोमवारी ओपीडी आहे.’ परतीच्या रस्त्यावर कंटेनर तसेच उभे होते. कृष्णाबाई मध्येच गप्प झाली आणि आरशातून हरेशच्या डोळ्यांकडे बघायला लागली. टेबलावर पडल्यापडल्या बघितलं होतं तसंच, उलटं.

‘आता परत झोपवशील ना मना?’ तिने विचारलं. मग त्याच्या उत्तराची वाट न बघता डोळे मिटले आणि आज्ञाधारकपणे सुरुवात केली, ‘लाभ... दोन...’

‘मोजू नको, बाय,’ हरेश म्हणाला. पुढचा कंटेनर हलला होता, मागून हॉर्न वाजत होते, आणि त्याला कसलीही घाई नव्हती. ‘दरवाजा लावलास. मंग? फुडं सांग.’